जरा थांबणारा ठेका

बिघडलेल्या यंत्रावर आमच्या साडूंइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या जपानात सापडायचा नाही, आणि धडधाकट माणसांकडे त्यांच्याइतकं दुर्लक्ष करणाराही सापडायचा नाही. हे मी हवेत बोलत नाही. चार वर्षांपूर्वी बँकेने मला टोकियोला पाठवलं. ओजिमात बिऱ्हाड लागल्यावर बायकोला घेऊन पहिल्यांदा त्सुकुबाला साडूंकडे गेलो, तर दार त्यांनीच उघडलं. "आलात? जरा हे धरा," म्हणाले, आणि एका सिंथेसायझरचं झाकण माझ्या हातात देऊन आत गेले ते गेलेच. ते झाकण धरून मी पंचवीस मिनिटं पॅसेजमध्ये उभा होतो. शेवटी ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली की ठेवा ते खाली, कुणाला दिलं हे त्यांना आता आठवायचंसुद्धा नाही.

पेशाने साडू शास्त्रज्ञ. दिवसभर संस्थेत कसलेसे धातू थंड करत बसायचं आणि घरी येऊन सिंथेसायझर तापवत बसायचं, असा त्यांचा वीस वर्षांचा दिनक्रम आहे. घरात तीन खोल्या. त्यातल्या अडीच पेट्यांच्या. पेट्या हा ताईचा शब्द. सिंथेसायझर असो, ड्रम मशीन असो, ताईच्या लेखी सगळ्या पेट्याच. सगळ्या चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या, कॉम्प्युटरचा वाराही न लागलेल्या, आणि तापल्याशिवाय सुरात न येणाऱ्या. एकदा आमच्या बँकेच्या साहेबांना हौस आली, म्हणून त्यांना घेऊन गेलो. साडूंनी बटण दाबलं आणि घड्याळ बघत बसले. पहिला चहा झाला, दुसरा झाला, पोहे झाले. साहेबांनी अदबीने विचारलं, आता वाजवता का? साडू म्हणाले, "सकाळी उठल्याउठल्या तुम्हाला कुणी गायला सांगितलं तर गाल का?" पेटी सुरात आली तेव्हा साहेब दारात बुटाच्या नाड्या बांधत होते. त्यांनी एक सूर ऐकला, मान डोलावली आणि गाडी गाठायला धावले. साडू मात्र कार्यक्रम रंगला म्हणून आठवडाभर खूश होते.

जपानात जुन्या वस्तूंच्या दुकानांत एक कोपरा 'जंक'चा असतो. तिथे चालत नाही ते विकतात. चालेल याची हमी नाही आणि परत घेणार नाही. तुम्हीआम्ही त्या कोपऱ्याकडे बघतही नाही. साडूंना तो दिसला की पानात अळूवडी पडल्यासारखा चेहरा होतो. तिथून आणलेली पेटी दुरुस्त करून गप्प बसतील तर ते साडू कसले? तिला ते 'सुधारतात'. म्हणजे ड्रिलने भोकं पाडायची, नवी बटणं बसवायची, वायरी ओढायच्या आणि वर मराठीत पट्ट्या चिकटवायच्या: 'घोगरा', 'चिडका', 'शिंक'. एका पेटीवर नुसतंच 'सासूबाई' आहे, कारण ती कुणी हात न लावता मध्येच सुरू होते. एकदा एक जपानी संग्राहक मुद्दाम एक दुर्मिळ ड्रम मशीन बघायला आले. साडूंनी त्याला पाडलेली अकरा भोकं त्यांनी बोट ठेवून एकेक मोजली. मग त्यांनी त्या मशीनपुढे, माणूस गेल्यावर वाकतात तसं, खोल वाकून नमस्कार केला आणि निघून गेले. साडूंना त्यांचा काही राग आला नाही. मूळ स्थितीत ठेवायला ती काय पैठणी आहे, एवढंच ते म्हणाले.

मात्र पेटीतून काढलेला तुकडा ते कधी टाकत नाहीत. ताईच्या गुडघ्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्या त्यासाठी राखून ठेवलेल्या आहेत. प्रत्येक डबीवर कुठल्या पेटीतून काय काढलं ते लिहिलेलं, आणि पुढे कारण: 'दमला', 'गळतो', 'खोटं बोलतो'. त्या गोळ्या ताई का घेते, याची नोंद मात्र घरात कुठेच नाही. मागे एकदा बऱ्यापैकी भूकंप झाला. आम्ही सगळे टेबलाखाली, आणि साडू खोलीच्या मधोमध, एका पेटीला दोन्ही हातांनी कवटाळून उभे. हादरे थांबल्यावर ताई म्हणाली, "तेवीस वर्षं झाली लग्नाला. आज पहिल्यांदा कळलं, यांना मिठी मारता येते." साडूंनी तेही ऐकलं नव्हतं, कारण त्यांचा कान पेटीला लावलेला होता.

आणि त्यांचं चालणं! स्टेशनवर आम्हाला घ्यायला येतात, पण घेऊन असे कुणाला जात नाहीत. आपले पुढे निघतात. दहा पावलं साडू, मग आम्ही दोघं, आणि सगळ्यांच्या मागे दुखऱ्या गुडघ्याची ताई. मागे वळून बघायची पद्धत नाही. ताई हाक मारायची कधीच सोडून बसली आहे. घर कुठे आहे ते मला माहीत आहे, म्हणते.

तर गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. साडू सकाळी सायकलवरून संस्थेत निघाले होते. दोन घरं सोडून एक ऐंशीच्या घरातल्या बाई एकट्या राहायच्या. आम्ही त्यांना आपसात आजीच म्हणतो. त्यांच्या फाटकापाशी मोठ्या कचऱ्याचं सामान ठेवलं होतं. इथे मोठी वस्तू टाकायची तर आधी फोन करून तारीख घ्यावी लागते, मग कोम्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, स्टिकर आणून त्या वस्तूवर चिकटवावं लागतं. एक खुर्ची, एक पंखा आणि एक लाकडी पेटी, तिन्हींवर स्टिकर. पेटीला वॉल्ट्झ, रुम्बा, बोसानोव्हा अशी बटणांची रांग. ऑर्गनच्या साथीला ठेका धरायची ही जुनी मशीनं; ही तर साडूंनीही फक्त फोटोत पाहिलेली. शिवाय तिच्या कुशीला कुणीतरी हाताने एक जास्तीचं बटण बसवलेलं. साडूंनी सायकल तिथेच आडवी टाकली आणि घंटी वाजवली. जपानीत त्यांची मजल तीन शब्दांपुढे जात नाही. "हे मेलेलं नाही," एवढंच ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले. आजी घाबरल्या असाव्यात. शेवटी जेवणाचे बेन्तो डबे विकणाऱ्या दुकानात बाइतो करून, म्हणजे अर्धवेळ नोकरी करून, झकास जपानी शिकलेल्या ताईला घरातून बोलावून आणावं लागलं.

मग उलगडा झाला. आजी आणि त्यांचे यजमान पूर्वी एक छोटं कॉफीचं दुकान चालवायचे. रविवारी संध्याकाळी आजी ऑर्गन वाजवायच्या, आणि आजोबा कॉफी ओतताओतता ही पेटी लावायचे. ते जास्तीचं बटण आजोबांनी स्वतः बसवलेलं. त्यात एक ठेका होता, तो फक्त त्यांच्या दुकानातच ऐकू यायचा. आजोबा गेले, पाठोपाठ पेटीही बंद पडली. आता मार्चअखेर आजी मुलाकडे सेंदाईला कायमच्या जाणार होत्या आणि घर रिकामं करत होत्या. साडूंनी ताईकरवी शब्द दिला की त्या जायच्या आत तो ठेका वाजेल. आजींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या की स्टिकर काढू नका, नाही वाजलं तर तुम्हीच बाहेर ठेवा. पण वाजलं, तर मी ते बरोबर नेईन. सांगताना त्या टेबलावर बोटांनी काहीतरी वाजवत होत्या. साडू तेव्हा पेटीचे स्क्रू मोजत होते.

पुढचे पाच आठवडे साडू माणसांत नव्हते. म्हणजे तसे ते एरवीही नसतात, पण या वेळी बाकीच्या पेट्यांतही नव्हते. आजोबांच्या जोडणीचा नकाशा कुठेच नाही, सगळं त्यांच्या डोक्यातच राहून गेलेलं. एकेक वायर धरून साडू त्या परक्या माणसाचं डोकं वाचत बसले. आम्ही गेलो की मला कौतुकाने दाखवायचे, बघा, इथे किती सुबक डाग दिलाय, माणूस नीटनेटका होता. आणि एक दिवस ते बटण बोललं. पण ठेका लंगडत होता. चारातला तिसरा ठोका दर वेळी किंचित उशिरा पडायचा. साडूंनी शोध घेतला, तर एका कोपऱ्यात वीज साठवणारा एक जास्तीचा कंडेन्सर सापडला. तिसऱ्या ठोक्यापाशी तो भरायला क्षणभर वेळ घ्यायचा आणि ठोका अडायचा. एवढ्या नीटनेटक्या माणसाच्या हातून हे कसं झालं, म्हणून साडू हळहळले. त्यांनी तो काढला, डबीत घातला, डबीवर 'चूक' असं लिहिलं, आणि ठेका असा सरळ केला की यंत्रावर मोजला तरी केसाचा फरक नाही.

पेटी घेऊन आम्ही चौघं आजींकडे गेलो. सामानाच्या खोक्यांत त्या गुडघे मुडपून बसल्या होत्या. साडूंनी बटण दाबलं. आजींनी हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकलं, "किरेई देस ने," म्हणजे सुरेख आहे हो, म्हणाल्या, वाकून तीनदा आभार मानले आणि आम्हाला चहा दिला. स्टिकर मात्र काढलं नाही. परत येताना साडू वरात काढल्यासारखे दहा पावलं पुढे चालत होते. घरी आल्यावर ताई म्हणाली, "त्यांना आवडलं नाही."

साडू म्हणाले, असं कसं, त्या सुरेख म्हणाल्या की.

"तुमच्या पहिल्या पेटीला मीही सुरेख म्हटलं होतं," ताई म्हणाली. मग टेबलाशी बसून तिने बोटांनी वाजवून दाखवलं. एक, दोन, मग जरासं थांबून तीन, आणि चार. पहिल्या दिवशी आजी असं वाजवत होत्या, म्हणाली. तुम्ही स्क्रू मोजत होतात.

साडूंचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता. ते उठले, डब्यांच्या कपाटाशी गेले आणि 'चूक' लिहिलेली डबी काढून आणली. आजी दोन दिवसांनी जाणार होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडूंनी जन्मात पहिल्यांदा संस्थेत रजा टाकली. मी बँकेत होतो, पण चार वाजता ताईचा फोन आला, निघता येतं का बघा, यांना एकट्याने जायची भीती वाटतेय. साडूंना आणि भीती! मी खोटं कारण सांगून निघालो.

आजींच्या दारात साडू वाकले आणि चक्क मराठीत म्हणाले, "माफ करा, मी ते दुरुस्त केलं होतं." ताईने ते जपानीत सांगितलं. पेटी लावली. एक, दोन, जरा थांबून तीन, चार. आजींनी उठून कोपऱ्यातल्या ऑर्गनवरची चादर काढली आणि बसल्या. तेव्हा आम्ही पहिल्यांदा नीट पाहिलं: त्यांचा डावा पाय अधू होता. ऑर्गनच्या खाली पायाने वाजवायच्या पट्ट्यांवरून तो दर तिसऱ्या ठोक्याला लांब न्यावा लागायचा, आणि तो उशिरा पोचायचा. पेटी तेवढीच थांबायची. पाय पोचला की ठोका पडायचा. चुकला असा एकदाही नाही.

वाजवून झाल्यावर त्या ताईशी हळूहळू बोलल्या, आणि ताईने डोळे पुसत आम्हाला मराठीत सांगितलं: "पाय माझा उशिरा पोचायचा. आणि आमचे हे लोकांना सांगायचे, मशीन बिघडलंय."

मलाही रडू आलं, लपवत नाही. आजींनी स्टिकरच्या कडेला नख लावलं आणि सावकाश, कुठेही न फाडता, ते काढून साडूंच्या हातात दिलं. ते आज त्यांच्या कपाटावर आहे. त्या डबीवरचा 'चूक' शब्द त्यांनी खोडला आहे. जागी दुसरा काही लिहिलेला नाही, डबीही रिकामीच आहे. पेटी सेंदाईला गेली. नातवंडांना ती बिघडलेली वाटते, असं आजींनी पत्रात कळवलं आहे.

साडू फार बदललेत असं समजू नका. परवाच मी अर्धा तास एक वायर धरून उभा होतो. पण त्या दिवशी आजींच्या घरून ते मला स्टेशनवर सोडायला निघाले, ताईही आली. साडू नेहमीसारखे पुढे. दिव्याच्या तिसऱ्या खांबाशी ते थांबले. खिशात काहीतरी शोधल्यासारखं केलं, खांबाकडे उगाच निरखून पाहिलं. ताई तिच्या चालीने चालत राहिली. ती त्यांच्यापर्यंत पोचली, तेव्हा त्यांनी पुढचं पाऊल टाकलं.

मी मुद्दामच दहा पावलं मागे राहिलो.