जुळवलेला आलेख

'जुळव' या शब्दाची मला शिसारी बसली ती एम.टेक. करताना, बीडजवळच्या आमच्या कॉलेजात.

माझा विषय होता घर्षणाने भोक पाडणं. त्याच्या हत्याराला धार नसते. निमुळतं टोक गरगर फिरवत पाइपवर दाबायचं. घासून घासून स्टील लालबुंद होतं, मऊ पडतं आणि बाजूला सरतं. कीस पडत नाही. सरलेलं स्टील भोकाभोवती कॉलरसारखं उभं राहतं, त्यातच आटे पाडून बोल्ट बसवायचा. स्टेनलेस स्टीलमध्ये उष्णता झटकन पसरत नाही, जागच्या जागी कोंडते. मोठं देखणं काम.

हेच आधी कॉम्प्युटरवर करून बघायचं, ते मॉडेल. त्याला घर्षणाचा एक आकडा द्यावा लागतो. मी दिला, तर मॉडेलचा आलेख एकीकडे आणि मशीनवर मोजलेला दाब दुसरीकडे. वर खऱ्या तुकड्यांच्या कॉलरला तडे. मॉडेलमधली कॉलर मात्र गुळगुळीत, कारण तडा जायची सोयच त्यात नव्हती.

माझे गाइड चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "कावून डोकं शिणवतीस? दर वेगाला येगळा आकडा टाक. जुळव की."

"मग त्याला मॉडेल कशाला म्हणायचं, सर? आणि तडे?"

"तडे न्हाईत त्या अंगानं फोटो काढ."

मी तड्यांचे फोटो प्रबंधात घातलेच. सरांनी तोंड वाकडं केलं, पण आलेख स्वतः जुळवला आणि शहरातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याला नेऊन दाखवला. तो स्टेनलेस पाइपचे पाळणे बनवायचा. पाळण्याचा सगळा भार त्या कॉलरमधल्या बोल्टांवर. मी धावत त्याच्या दुकानात गेले, तर पठ्ठ्या तडे ग्राइंडरने घासून वर पॉलिश मारत होता.

"आता कुठं दिसतंय, ताई? सरांनी कॉम्प्युटरवर पास केलंय."

त्याच्या मागे चकचकीत पाळण्यांची रांग होती. आत लेकरं झोपणार होती. मी बाहेर येऊन सरांना फोन केला आणि पाळणे थांबवायला सांगितलं. ते म्हणाले, "लई इचार करतीस तू."

पुढच्याच महिन्यात सरांच्या नातीचं बारसं होतं. मलाही बोलावणं होतं. दिवाणखान्यात झेंडूच्या माळा लावून ठेवला होता तो जाडजूड सागवानी पाळणा. बायका गाणं म्हणत होत्या. मी हातातल्या घुगऱ्या खाली ठेवल्या.

"सर, स्टीलचा न्हाई आणला?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

सरांनी पाळण्याची दोरी जरा ओढून बघितली आणि हसून म्हणाले, "घरचं लेकरू हाय, बाई."