बिल्ला खुंटीवर होता

वहिनीचा फोन आला तेव्हा मी नागपुरातल्या महाल भागात, आमच्या दुकानात भिवापुरी मिरचीचे देठ खुडत होते. "कुंदाताई, हे गेले वं..." एवढंच ती बोलली. मला रडू यायच्या आधी रागच आला. आमचा मनोहरदादा सगळं असंच करायचा, गपचूप.

दादा परराज्यातल्या एका अणुवीज केंद्रात सुरक्षा विभागात होता. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला लावायचा आणि त्या माणसाला किती किरणं लागली हे बिल्ल्यावरून वहीत लिहायचं, हे त्याचं काम. बिल्ल्याची मर्यादा भरली की माणसाला घरी बसवत. म्हणून रोजंदारीवरचे लोक बिल्ला बाहेर खुंटीला अडकवून आत शिरत. दादा ओरडायचा, पण त्यांच्या घरची चूलही त्याला माहीत होती, मग तो दुसरीकडे बघायचा. एके दिवशी पंपघरातली नळी फुटली. किरणोत्सारी पाणी सांडलं आणि सुखराम नावाचा रोजंदारीवरचा कामगार आत अडकला. दादा जेवायला बसला होता. हातातला घास टाकून तो तसाच धावला आणि सुखरामला ओढून बाहेर आणलं. त्याचा कोट, कोटावरचा बिल्ला, सगळं खुंटीवरच राहिलं. वहिनी तेव्हा नागपुरात होती. तिला त्याने फोनवर सांगितलं, "मले काही लागलं नाही." तिला वाटलं, खरचटलं नाही. त्यांच्या कारखान्यात 'लागणं' म्हणजे किरणं लागणं, हे तिला कुठून कळणार?

चौकशीत दोघांचे बिल्ले कोरे निघाले. कागदावर शून्य आणि शून्य, आणि खाली दादाची सही. सुरक्षावालाच बिल्ल्याविना आत गेला हे सांगायची त्याला लाज वाटली, नोकरीची भीतीही होतीच. सांडलेलं पाणी जवळच्या तलावात गेलं होतं, म्हणून पुढे कित्येक महिने तो तिथलं पाणी, मासे, काठच्या म्हशींचं दूध तपासत फिरला. मासेमारी बंद पडली, कोळी त्याला शिव्या घालत. बायका विचारत, पोरांना दूध देऊ का? आकडा जास्त आला की हा तोंडावर नाही म्हणायचा. दुधाचा आकडा खरा लिहिणाऱ्या माझ्या भावाने माणसाचा मात्र खोटा लिहिला. हे मी त्याच्यावरच्या प्रेमापोटीसुद्धा झाकणार नाही.

निवृत्तीनंतर रक्ताच्या आजाराने त्याला नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं. तेव्हा त्याने पहिल्यांदा सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "किरणांमुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही." दादाने मान हलवली. त्याच सुमारास सुखरामची चिठ्ठी आली होती. तोही आजारी होता, आणि कागदावर शून्य आहे म्हणून त्याला तपासणीला उभं करत नव्हते.

"लिहून घे वं," दादा मला म्हणाला. "सुखराम आत होता. बिल्ला खुंटीवर होता. मले माहीत होतं."

"इतकी वर्षं काहून गप्प राहिला गा तू?" मी भांडलेच त्याच्याशी, पडलेल्या माणसाशी.

"भेलो होतो," तो म्हणाला. "तू रागावून राहिली, ते बरंच आहे..."

त्याने सही केली. स्वतःसाठी मात्र अर्ज करू दिला नाही. म्हणाला, चूक माझी, मी कोणत्या तोंडानं मागू?

परवा सुखरामचा फोन आला. नोंद बदलली, तपासणी सुरू झाली, फोन साहेबांना द्या म्हणाला. वहिनी दादाच्या खाटेवर चादर घालत होती, तिचे हात थांबले. दादा गेल्याचं मी त्याला सांगितलं. त्याने विचारलं, साहेबांच्या कागदावर काय लिहिलंय?

"शून्यच आहे," मी म्हटलं.

"तो अर्जी लिखो, बहनजी," तो म्हणाला. "साब अंदर आए थे, ये बताने को मैं ज़िंदा हूँ ना."