अर्थ लावला होता — दोनदा

नोव्हेंबरातला मंगळवार, दुपार. प्रयोगशाळेत हजर: सर, पीएचडी करणारी अश्विनी आणि मी — तांत्रिक अधिकारी. काय घडलं ते तिघांनाही ठाऊक आहे. का घडलं, ते फक्त मला. घरीसुद्धा कधी बोलले नाही, तुम्हालाच सांगतेय.

आमच्याकडे पोलादी नळकांड्यात प्लाझ्मा, म्हणजे विजेनं भारलेला वायू, तयार करतात. त्यात मोठ्या लाटा सोडायच्या आणि त्या फुटून लहान कशा होतात ते मोजायचं. सूर्यावरून सुटणाऱ्या वाऱ्यात तसंच चालतं म्हणून. सोमवारी अश्विनीच्या आलेखात एक उंचवटा आला, म्हणजे तशी एक लहान लाट — हवी होती तिथेच. अकोल्याहून येऊन धायरीत खोली घेऊन राहणारी ही मुलगी, माझे दोन्ही हात धरून नाचली. सर म्हणाले, उद्या माझ्यासमोर करून दाखव.

अर्थिंगच्या तारेला आम्ही नुसतं 'अर्थ' म्हणतो. यंत्र सुरू करण्याआधी सर हटकून विचारायचे, "काय, अर्थ लावला का?" तो एकाच जागी लावायचा. दोन ठिकाणी लागला, की नळकांड्याभोवतीच्या चुंबकाच्या वीजपुरवठ्याची गुणगुण मोजमापात शिरते आणि नसलेली लाट दिसते.

मंगळवारी सकाळी रॅकमागे दुसरी तार दिसली. माझीच — दुरुस्तीच्या वेळी लावलेली, काढायची राहिलेली. माझ्याकडून? जिच्या नीटनेटकेपणाचे दाखले देतात तिच्याकडून?

काढली. काढणं बरोबरच होतं. पण गुपचूप?

दुपारी उंचवटा आला नाही.

"कालची लाट आज पर्वतीवर फिरायला गेली वाटतं," सर म्हणाले. "की आपणच काढली होती, पेन्सिलीनं?"

"नाही हो सर, खरंच होती." ती माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही पाहिली ना?"

पाहिली होती. आणि मी म्हणाले — "मी यंत्र बघते. आलेख नाही."

त्यानंतर तिच्या कुठल्याच आकड्यावर सरांनी विश्वास ठेवला नाही. पीएचडी तिने अर्धवट सोडली.

मध्यंतरी वारज्याच्या भाजीबाजारात भेटली. आयटीत आहे. हसून म्हणाली, "ताई, अजून कळत नाही — ती दिसली होती, की मला दिसायला हवी होती?"

मी मेथीची जुडी उलटसुलट करत राहिले.

जाताना तिनं नंबर दिला. रोज सकाळी कामं लिहिते, तेव्हा पहिलं तेच लिहिते. संध्याकाळपर्यंत बाकी सगळी खोडून होतात — गॅस, बँक, इस्त्रीचे कपडे. आजही झाली.

अश्विनीला फोन — राहिलाय.