एका पानाची मेथी

आठवडी बाजारात आमच्या गावच्या कवितासंग्रहाच्या प्रती मांडून बसले होते. शेजारच्या भाजीवाल्या मावशींनी एक पान उघडलं आणि मेथीची जुडी पुढे केली. "एवढंच पान फाडून द्या ताई. आमच्या ह्यांची कविता आहे."

वस्तूची किंमत कष्टानं ठरते की घेणाऱ्याच्या गरजेनं, यावर जुने अर्थचिंतक भांडत आले. असं गिऱ्हाईक त्यांना भेटलं नसावं.

"अख्खं पुस्तकच घ्या की!"

"फुकट नको बाई. आणि बाकीच्यांचं मी काय करू?"

कवींना मोफत द्यायच्या प्रतींची यादी माझीच. 'वारले' म्हणून मावशींच्या यजमानांच्या नावावर मीच काट मारली होती. "ही प्रत तुमचीच आहे," एवढंच म्हणाले. मेथी त्यांनी परत घेतली नाही.

घरी ती मेथी निवडून झाली, तरी चैन नाही. काट मारलेली आणखी चार नावं यादीत आहेत.