पान ११३ ते १२८

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. आमच्या लालबागच्या चाळीत जिन्याखाली बाई दिसते म्हणायचे, तर मी तिथेच बसून दहावीचा अभ्यास केला. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मला हसूही येतं. पण गेल्या वर्षी जे झालं त्याने माझं डोकं एवढं उठवलंय, की म्हटलं लिहून टाकावं... भीती-बिती नाही वाटली. चीड आली. अजून येते.

मी परळच्या एका कॉलेजात लायब्ररी असिस्टंट आहे, सतरा वर्षं. माझ्याकडे ई-रिझर्व्हचं काम. म्हणजे प्राध्यापकांनी यादी द्यायची, मी पुस्तकातलं तेवढं प्रकरण स्कॅन करून पोर्टलवर चढवायचं आणि मुलांनी ते घरून वाचायचं. सोपं वाटतं ना? या एकदा करायला! यादी येते परीक्षेच्या तोंडावर, तीही अर्धवट. एका सरांनी तर नुसतं "ते निळं पुस्तक" असं लिहिलं होतं.

तर आमच्याकडे एम.ए.ला ज्योती नावाची मुलगी होती. हिंदमाताला साडीच्या दुकानात कामाला, सकाळी दहा ते रात्री नऊ. सुट्टी फक्त रविवारी, आणि रविवारी आमची लायब्ररी बंद. तिचा एकच पेपर राहिला होता, दोनदा नापास झालेली. हा शेवटचा अटेम्प्ट. नाही सुटला तर रजिस्ट्रेशन संपणार आणि आधी पास झालेले सगळे पेपरही पाण्यात. तिचा रोज जेवणाच्या सुट्टीत फोन — "मॅडम, सहावं प्रकरण चढलं का?"

चढणार कुठून? देशमाने सरांनी यादी दिली परीक्षेला आठ दिवस असताना! पुस्तक गिरणी कामगारांवरचं, जुनं, आता छापतच नाहीत. एकच प्रत, आणि तीही घरी न्यायला मिळत नाही, तिथेच बसून वाचायची. मी कपाटातून काढली, उघडली... आणि पान ११२ नंतर थेट १२९. मधले आठ कागद ब्लेडने सफाईने कापून नेलेले. अशा मुलांना ना, उलटं टांगलं पाहिजे.

दादरच्या एका लायब्ररीत फोन केला, तिथली प्रत हरवलेली. गिरगावातली बाइंडिंगला गेलेली. शेवटी होती ती चोवीस पानं स्कॅन केली, "पान ११३ ते १२८ उपलब्ध नाहीत" अशी टीप टाकली आणि फाइल चढवली.

दुसऱ्या दिवशी ज्योतीचा फोन. "मॅडम, थँक्यू हां! सगळं वाचून काढलं. ११३ च्या पुढचंच तर दरवेळी विचारतात."

"कुठलं ११३?"

"अहो, आहे ना त्यात."

फाइल उघडली. चाळीस पानं! माझी टीप गायब. आणि मधल्या सोळाही पानांवर, डाव्या कोपऱ्यात, पान दाबून धरलेला एक अंगठा. बाईचा. नखाच्या कडेला हळद. म्हणजे स्वयंपाक करून तशीच येऊन बसलेली! मी स्टीलच्या पट्टीने पान दाबते हो, माझं बोटसुद्धा कधी स्कॅनमध्ये येत नाही. खरं सांगते, पहिला राग मला त्या अंगठ्याचाच आला.

मग माझी शोधमोहीम. सगळ्यांचे अंगठे बघितले. आमच्या ग्रंथपाल शिंदे मॅडम घरी चहासुद्धा करत नाहीत, त्यामुळे हळदीचा प्रश्नच नाही. शिपाई महादेवमामा हळूच म्हणाले, "आपल्या रिटायर झालेल्या जोशीबाईंचा आत्मा असेल का ओ?" म्हटलं, "मामा, जोशीबाई कळव्याला ठणठणीत आहेत, रोज सकाळी मला गुलाबाचे फोटो पाठवतात!" कंप्युटरवाला म्हणाला, "मॅडम, एकच अपलोड आहे, तुमच्याच लॉगिनने, चाळीस पानांचा." स्कॅनरचा आकडा मात्र चोवीस. घरी आईला सांगितलं तर ती मालवणीत म्हणते, "कोणी केल्यान तर केल्यान, तुझा काय जाता?"

माझं काय जातं? शिंदे मॅडमनी फर्मान काढलं — फाइल उतरवा. जे आपल्या प्रतीत नाही ते रिझर्व्हवर ठेवता येत नाही, उद्या कॉपीराइटचं लफडं झालं तर? नियम बरोबरच होता. पण परीक्षेला चार दिवस राहिलेले, आणि ती पोरगी रात्री दुकानातून आल्यावर तेच वाचत होती.

उतरवण्याआधी एकदा नीट बघितलं आणि पान ११५ वर थांबले. लायब्ररीवाले प्रत्येक पुस्तकाच्या आत एका ठरलेल्या पानावर शिक्का मारतात, चोराच्या लक्षात येऊ नये म्हणून. आमचं ठरलेलं पान ११५. फाइलमध्ये तिथे आमचाच शिक्का होता. खाली निळ्या शाईत दाखल क्रमांक, प्रत्येक प्रतीचा वेगळा असतो तो. टेबलावरच्या पुस्तकाशी ताडून पाहिला... तोच.

म्हणजे कापून नेलेली पानं, आमचीच.

शिंदे मॅडमनी स्वतः दोन्ही क्रमांक ताडून पाहिले. मग म्हणाल्या, "आपल्याच प्रतीतलं आहे असं लिहून दे, आणि राहू दे." मी सही करून दिली.

ज्योती पास झाली. निकालानंतर अर्धी सुट्टी काढून पेढे घेऊन आली, आणि पेढा हातात देता देताच रडायला लागली. "मॅडम, ती पानं मी कापली होती. पहिल्या अटेम्प्टला. घरी नेता येत नव्हतं, इथे बसायला वेळ नव्हता..."

"कुठायत ती?"

"मोरीजवळ ठेवलेली, भिजून लगदा झाला. फेकून दिली."

मी आधी तिचा अंगठा बघितला. बारीक, नेलपॉलिश लावलेला. तो नव्हेच. मग जी सुटले! नियमाप्रमाणे कार्ड रद्द, मार्कशीट रोखायची, प्राचार्यांकडे रिपोर्ट. दहा मिनिटं झाप झाप झापलं.

शेवटी ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला कळलंय. कळूनही तुम्ही कुठून तरी शोधून लावलीत. तो अंगठा तुमचाच ना, मॅडम? वाचायला बसताना मी त्याला नमस्कार करायचे."

"हो," म्हटलं. रिपोर्ट काही लिहिला नाही.

टर्म संपली तशी ती फाइल नियमाप्रमाणे पोर्टलवरून उतरली. ती पानं कुठून आली, कोणी लावली, मला आजही माहीत नाही, आणि तुम्ही कृपा करून थिअऱ्या सांगू नका, सगळ्या ऐकून झाल्यात. खोटं बोलले त्याचंही एवढं नाही वाटत. पण जिने काम केलं, तिचा नमस्कार मी घेतला, ते मात्र टोचतं.