आक्कानं काढून घेतलेला फ्यूज

आक्का म्हंजी माझी थोरली जाऊ. कुणाच्याबी घरी गेली की पाणी प्यायच्या आधी लाईटच्या बोर्डाला उलटा हात लावून बघायची, तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसा. लोकं हासायचे. कंधारला तिचं माहेरचं घर बोर्डापासूनच पेटलं होतं. माणसं वाचली, घर गेलं. ते ती एकदाच बोलली, पुन्हा न्हाई.

मालक गेल्यावर मी उमरीत शेवयाची मशीन घातली. घरातला बोर्ड दोन बल्बाच्या काळचा. त्याच्यावरच पुढं फ्रीज आला, कूलर आला, मग ही मशीन. फ्यूज सारखा उडायचा. गल्लीत समदे करतात तेच शेजारच्या भावजीनं केलं, फ्यूजमधी जाडी तार घातली. उडायचा थांबला. मला वाटलं, मिटलं.

चैतात आक्का आली. बाया रव्याचे डबे घेऊन नंबर लावून बसलेल्या. तिनं बोर्डाला हात लावला अन् मेन बंद केली. म्हणली, लई तापलाय, बदल आजच.

मी म्हणलं, आखिती होऊ दे, सीझन गेला की बदलते. ह्या बाया दुसऱ्या मशीनवर गेल्या तर वर्षभर खाऊ काय?

"फ्यूज उडतो म्हंजी घर रडून राहिलं. तू लेकराच्या तोंडात बोळा कोंबला अन् म्हणतीस, गप झालं."

तिनं फ्यूज काढला, कनवटीला खोचला. मला लई राग आला. बाया उठू लागल्या, तशी आक्कानं परात मागितली, रवा भिजवून तिंबाया घेतला. "बसा गं. तुमच्या आयांनी काय मशीनीवर केल्या व्हत्या?"

एक गेली, बाकीच्या बसल्या. हातावर शेवया वळून काठीवर वाळत घालू लागल्या. एका पोरीची जाड झाली, तर आक्का म्हणली, "ही शेवई हाय का बैलाचं दावं?" समद्या हासल्या, मीबी.

आक्कानं सांगावा धाडलेला वायरमन आला. त्यानं जुना बोर्ड उचकटला, तर मागचं लाकूड कोळशावानी काळं, तारांवरचं प्लास्टिक गुळावानी वितळलेलं. मी बघतच राहिले. आक्का बघाया उठलीबी न्हाई, शेवया वळत राहिली. लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या खटक्याचा नवा बोर्ड बसला, मशीनला येगळी लाईन आली. सीझन काही बुडाला न्हाई.

गेल्या थंडीत आक्का झोपेतच गेली. आता लेक एसी आणायचा म्हणतो. मी म्हणलं, आण बाबा, पर लाईनीला सोसंल का ते आधी ईच्यार. तो वायरमनला फोन लावून राहिला. बाहेर बाया बसल्यात, मशीन चालू हाय. बरं चाललंय.