शेजारणीची विहीर

नाव : हाना कैलियावा. वय : सदुसष्ट. राहणार : कवाई बेट. हुद्दा : मीठ पिकवणाऱ्या कुटुंबांच्या मंडळातील ज्येष्ठ सभासद, पाणी कोणते व मिठवणी कोणती हे नुसत्या जिभेने ठरवण्यास मंडळाने मान्य केलेली अधिकारी व्यक्ती.

हा अधिकार ती मुख्यतः चुलतबहीण आणि शेजारीण लेइमोमीच्या विहिरीवर चालवी. विहिरीला पाणी आहे, ही इतरत्र आनंदाची बातमी असेल. आमच्या मीठवाफ्यांवर ती शिवी आहे. विहिरीत हवी ती मिठवणी, दाट, राईएवढ्या तांबड्या कोळंब्यांनी वळवळणारी. तीच वाफ्यात उन्हाला ठेवली की मीठ धरतं. हाना बोट बुडवून म्हणे, "पाणी गं, लेई. अळकुड्या उकडायला झकास."

त्या उन्हाळ्यात कोळंब्या आधी दिसल्या त्या लेइमोमीच्या विहिरीत. घराण्यातल्या बाळाचं वर्ष भरत आलं होतं, आणि ज्याचं मीठ आधी पडेल त्याच्याच मिठाने वाढदिवसाच्या जेवणाचं डुक्कर चोळायचं, असा रिवाज. हा मान आजवर हानाचा. ती दिवसातून तीनदा शेजारच्या विहिरीत डोकावू लागली, आणि दर खेपेला कोळंब्या वाढलेल्याच.

रविवारी गुडघ्याचं निमित्त सांगून ती चर्चला गेली नाही. नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या तिने लेइमोमीच्या विहिरीत ओतल्या. मी पाहिलं, मीही चर्चला गेलो नव्हतो.

दुपारी लेइमोमीने बोट बुडवून चाखलं. हाना टपलेलीच होती.

"काय गं, पाणीच ना?"

"वरवर आहे." लेइमोमीने अलगद वरचा थर बादल्यांत उपसला. खाली मिठवणी होती तशीच, तांबडीलाल. गोडं पाणी मिठवणीवर तरंगतं, हे आमच्या पोरांना हानानेच शिकवलेलं. मत्सराच्या भरात ती स्वतः विसरली.

"रात्री सर येऊन गेली वाटतं," हाना म्हणाली.

"असेल. पण पावसाला नळाचा वास कसा गं?" लेइमोमीने बादल्या तिच्या पुढ्यात ठेवल्या. "ने घरी. तुझंच आहे."

डुक्कर लेइमोमीच्या मिठाने चोळलं गेलं. आमच्यात मीठ विकत नाहीत, देतात. आणि दिलेलं नाकारत नाहीत. जेवणं झाल्यावर लेइमोमीने सगळ्यांदेखत हानाच्या हाती पांढऱ्याशुभ्र मिठाची पिशवी ठेवली. हानाने चिमूटभर जिभेवर घेतलं.

"कडवट लागतंय जरा," ती म्हणाली, आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधलं.

त्या उन्हाळ्यात हानाच्या एकाही वाफ्यात मीठ धरलं नाही.